सोंगाड्या

तमाशातील विनोदी नट. सोंग म्हणजे आणलेले रूप. ते आणणारा तो सोंगाड्या. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातली देवदैत्यांची सोंगे आणि दारोदार फिरणारा बहुरूपी ही त्याची भावकी. पण सोंगाड्या मुखवटा घालत नाही आणि वेषही फारसा बदलत नाही. देव, गवळणी, राजा, प्रधान यांच्या जगात गावातला रोजचा माणूस नेऊन उभा करणे हे त्याचे काम. संस्कृत नाटकातील विदूषकाशी काही अभ्यासकांनी त्याची सांगड घातली आहे. साम्य आहेच, पण तेवढ्यावरून दोघांचा वंश एक ठरत नाही.

तमाशाचा क्रम गण (गणेशवंदना), गौळण (कृष्ण व गवळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (कथानाट्य) असा असतो. गणात सोंगाड्याला काम नाही. गौळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या आणि गवळणींबरोबरची मावशी ही पात्रे विनोदी नटांकडे असतात. मावशीसाठी लुगडे नेसत नाहीत. धोतर-सदऱ्यावरच उपरण्याचा पदर डोक्यावरून घ्यायचा, त्याचे टोक दातांत धरायचे, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचे बोट हनुवटीला. मिशी असली तर ती तशीच राहते. ही बाई निघालेली असते मथुरेच्या बाजाराला, पण बोलते ते गावच्या पाणवठ्यावरचे : सुनेचा आळस, दुधातले पाणी, थकलेली उधारी. कमरेवरचा हात आणि या तक्रारी मिळून मावशी उभी राहते. मिशी मग कुणाला दिसत नाही.

बतावणीत समोर सरदार असतो. तो शहाणा, शब्द तोलून बोलणारा; सोंगाड्या प्रत्येक शब्द आपल्या घरच्या अर्थाने घेणारा. सरदाराने काशीला जाऊन आल्याचे सांगितले, की सोंगाड्याला काशी नावाची शेजारीण आठवते आणि पुढचा सगळा संवाद त्या गैरसमजावर चालतो. हशा कुठे पिकणार हे प्रेक्षकांना आधीच कळलेले असते. सोंगाड्याला ते शेवटपर्यंत कळत नाही, निदान तसे दाखवता आले पाहिजे. हे न कळणे वठवणे सर्वांत अवघड. अतिशहाणा चेहरा करणारा सोंगाड्या फार काळ टिकत नाही.

साहित्य जवळपास नसते. रंगमंचाला एक फेरी मारली की दुसरे गाव आले. हातातली काठी कधी घोडा, कधी बंदूक. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे प्रयोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत; पहिला लोकव्यवहाराला धरून, दुसरा संकेतांवर चालणारा. सोंगाड्याकडे दोन्ही एकाच वेळी दिसतात : काठीचा घोडा हा संकेत, पण त्यावरून उतरल्यावर तो कंबर धरून कण्हतो ते मात्र शेतावरून आलेल्या माणसासारखे.

वगात राजाला जरीचा कोट असतो, सोंगाड्याला रोजचेच धोतर. उमा-बाबू सावळजकर यांचा ‘मोहना बटाव’ (१८६५) हा पहिला वग मानला जातो. पुढे बराच काळ वग लिहून ठेवण्याची रीत नव्हती. कथानक आणि गाणी ठरलेली, बाकीचे बोलणे उभ्या-उभ्या. गावात उतरल्यावर तिथला पाटील कोण, कुठल्या ओढ्याला पाणी नाही, कुणाचे कुणाशी वाकडे, याची माहिती सोंगाड्या काढून ठेवी आणि रात्री तीच नावे इंद्राच्या दरबारात निघत. स्वातंत्र्याच्या सुमारास, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत, मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. नंतर प्रयोगासाठी संहिता सरकारकडून तपासून घेणे आले, म्हणून वग कागदावर उतरले. आज अभ्यासकांच्या हाती असलेल्या संहितांतील बऱ्याचशा या गरजेतून आल्या आहेत. संमतीसाठी लिहिलेल्या कागदात सोंगाड्याने खरोखर काय म्हटले ते सापडेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

सोंगाड्यांपैकी सर्वांत जास्त लिहिले गेले ते दादू इंदुरीकर (गजानन राजाराम सरोदे, १९२८–१९८०) यांच्याविषयी, म्हणून येथेही त्यांना अधिक जागा. मावळातील इंदोरी हे त्यांचे गाव. हरिभाऊ वडगावकर यांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगातील सावळ्या कुंभार ही त्यांची भूमिका. सावळ्याची बायको गंगी हिच्या भूमिकेत प्रभा शिवणेकर. शापाने गाढव झालेला गंधर्व सावळ्याच्या घरी येतो आणि राजकन्येशी लग्नाचा हट्ट धरतो. गाढव माणसासारखे बोलले याचा धक्का मोठा. पण सावळ्यापुढे खरा पेच असतो तो ही बातमी गंगीला सांगायची कशी हा. नवरा-बायकोच्या त्या भांडणात वगाचा प्राण आहे. स्वर्ग, शाप आणि राजवाडा हे सगळे कुंभाराच्या अंगणात येऊन थांबते. दादूंना १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. याच कथेवरील चित्रपटात (२००७) सावळ्या मकरंद अनासपुरे यांनी केला.

काळू-बाळू : कवलापूर (जि. सांगली) येथील लहू व अंकुश संभाजी खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी केलेल्या हवालदारांची नावे काळू आणि बाळू. पुढे तीच त्यांना चिकटली आणि फडही त्याच नावाने चालला. खाकी अंगात आली की बावळट माणूसही कसा ताठतो, हे त्यांनी दाखवले ते पाहणाऱ्याला ओळखीचे होते. दोघे दिसायला सारखे असल्याने निम्मे काम आधीच झालेले, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल.

अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला लोकनाट्याचे वळण दिले. गौळण गेली, सोंगाड्याची थट्टा सावकार व पुढाऱ्यांकडे वळली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) मधून दादा कोंडके पुढे आले. शहरी लोकनाट्यातील सोंगाड्या वर्तमानपत्र वाचून येतो, पाणवठ्यावरून नव्हे. त्याचा टोला त्यामुळे लवकर शिळा होतो.

‘सोंगाड्या’ (१९७१) हा दादा कोंडके यांचा चित्रपट.

खानदेशी तमाशातील सोंगाड्या अहिराणी बोलतो. विदर्भासाठी पहा : खडी गंमत.