पेन्शन : कृपेची आणि हक्काची

‘पेन्शन’ हा शब्द मराठी माणसाच्या कानावर प्रथम पडला तो बहुधा बिठूरच्या संदर्भात. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे शरणागती पत्करली आणि सालिना आठ लाख रुपयांच्या नेमणुकीवर तो कानपूरजवळ गंगाकाठी जाऊन राहिला. त्याच्यामागून पुण्याहून अनेक आश्रित कुटुंबेही तेथे गेली. उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी समाजाच्या इतिहासातले ते एक महत्त्वाचे प्रकरण आहे. १८५१ मध्ये बाजीराव निवर्तला आणि ही नेमणूक दत्तकपुत्र नानासाहेबाकडे चालू ठेवण्यास डलहौसीने नकार दिला. पुढे जे घडले ते वाचकांना ठाऊक आहेच. मला येथे लक्ष वेधायचे आहे ते त्या नकारामागच्या विचाराकडे. पेन्शन ही देणाऱ्याची मेहेरबानी आहे, ती घेणाऱ्याचा हक्क नव्हे, असा तो विचार होता.

हा विचार पुढे कायद्यात उतरला. १८७१ च्या पेन्शन कायद्याने, सरकारने दिलेल्या पेन्शनीबाबत किंवा जमीनमहसुलाच्या नेमणुकीबाबत दिवाणी न्यायालयात दावा लावण्यास मज्जाव केला. ज्याला तक्रार असेल त्याने कलेक्टरकडे जावे. म्हणजे ज्याने द्यायचे, त्याच्याकडेच दाद मागायची. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, कायद्याचा नव्हे. तथापि सरकारी सेवेत इतकी वर्षे काढल्यावर असे वाटते की आपल्या देशातील वृद्धसाहाय्याचा सारा इतिहास कृपा आणि हक्क या दोन टोकांमध्येच हेलकावे खात आलेला आहे.

राजेरजवाडे आणि सरकारी नोकर सोडून जे उरतात, त्या सामान्य वृद्धांची दखल राज्यसंस्थेने प्रथम घेतली ती दुष्काळाच्या निमित्ताने. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर निरनिराळ्या प्रांतांत दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांत धडधाकट माणसांसाठी खडी फोडण्याचे वा मातीचे काम, आणि जे काम करूच शकत नाहीत अशा वृद्ध, अपंग व आजारी माणसांसाठी मोफत मदत, अशी विभागणी होती. गावोगावच्या अशा माणसांच्या याद्या करण्याचे काम महसुली यंत्रणेकडे आले. प्रशासनाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती; गावात कोण निराधार आहे हे सरकारी कागदावर येऊ लागले. परंतु पाऊस पडला, दुष्काळ संपला, की यादीही संपे. म्हातारपण मात्र पावसाने संपत नाही, ही बाब संहितेच्या कक्षेबाहेर राहिली.

याच काळात खुद्द इंग्लंडमध्ये वारे बदलत होते. १९०८ च्या कायद्याने तेथे सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. तिच्यासाठी कोणतीही वर्गणी भरावी लागत नव्हती आणि ती टपाल कचेरीत जाऊन घ्यायची असे. त्याच राज्यकर्त्यांना हिंदुस्थानात असे काही करावेसे वाटले नाही. येथे एकत्र कुटुंब आहे, तेच म्हाताऱ्यांचे पाहते, असे उत्तर देऊन विषय मिटवणे सोपे होते. हे उत्तर सोयीचे होते आणि काही अंशी खरेही होते. स्वातंत्र्यानंतरही आपण ते बराच काळ वापरले, हे कबूल केले पाहिजे.

कामगारांच्या बाबतीत हालचाल जरा लवकर झाली. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधी अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला, आणि १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. हे सर्व संघटित क्षेत्रापुरते. शेतमजूर, विणकर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, फेरीवाले, म्हणजे देशातील बहुसंख्य कष्टकरी, या चौकटीत कोठेच नव्हते.

राज्यघटनेत त्यांची आठवण ठेवली गेली ती अनुच्छेद ४१ मध्ये. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी लोकसाहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी राज्याने परिणामकारक तरतूद करावी, असे तो सांगतो. पण आपली आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत. ‘हक्क’ हा शब्द त्यात आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्याने न्यायालयातून बजावता येत नाही. शिवाय सातव्या अनुसूचीत विकलांगांना व कामास असमर्थ असलेल्यांना साहाय्य हा विषय राज्यांच्या सूचीत आहे, तर सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत. परिणाम असा की, पहिली पावले राज्यांनी टाकली आणि केंद्र बराच काळ बघत राहिले.

पहिले पाऊल उत्तर प्रदेशाचे. १९५७ मध्ये, म्हणजे बिठूरच्या वारसाने शस्त्र उचलले त्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, त्या राज्याने निराधार वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली. (हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही.) त्यानंतर केरळ, आंध्र प्रदेश, मद्रास ही राज्ये साठच्या दशकाच्या आरंभी त्या मार्गाने गेली. केरळने १९८० मध्ये शेतमजुरांसाठी महिना ४५ रुपयांची स्वतंत्र पेन्शन आणली. हे पाऊल मला विशेष वाटते, कारण त्यात मजूर हा ‘निराधार’ म्हणून नव्हे, तर आयुष्यभर काम केलेला माणूस म्हणून पात्र ठरत होता.

महाराष्ट्रात त्याच वर्षी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, आणि वृद्धांसाठी पुढे जी योजना आली तिचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. ज्याने आईबापांना कावडीत घालून यात्रा घडवली त्या श्रावणाचे नाव, ज्यांना कावड वाहणारा कोणी उरला नाही अशांच्या योजनेला! नाव ठेवणाऱ्याने बहुधा हेच सुचवले असावे की मुलगा नाही तेथे सरकार श्रावण होईल. पण बहुतेक राज्यांच्या नियमांत ही मेख होतीच: कमावता मुलगा हयात असेल, तर तुम्ही निराधार कसे? मुलगा सुरतेत किंवा लुधियान्याला गिरणीत असतो, चार-चार महिने पैसे पाठवू शकत नाही; पण कागदावर तो असतो, आणि म्हणून आई अपात्र ठरते. आपल्यापैकी जे घरापासून दूर राहतात त्यांना, पैसे पाठवता येणारा मुलगा आणि न येणारा मुलगा यांतील अंतर किती थोडे असते, हे सांगायला नको.

केंद्र शासन या क्षेत्रात उतरले ते १९९५ मध्ये. त्याची वैचारिक पूर्वतयारी ज्यांनी केली त्यांत एस. गुहन यांचे नाव घेतलेच पाहिजे. ते प्रशासकीय सेवेतले. तमिळनाडूचे वित्त सचिव होते आणि पुढे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेत त्यांनी काम केले. ‘गरीब देशाला सामाजिक सुरक्षा परवडत नाही’ हे गृहीतक त्यांनी तमिळनाडूच्या अनुभवाच्या आणि आकड्यांच्या आधारे खोडून काढले. वित्त विभागातल्या माणसाने ‘परवडते’ असे म्हणणे किती दुर्मिळ असते हे त्या विभागात बसलेल्यालाच कळेल! १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम लागू झाला. त्यात वृद्धापकाळ पेन्शन, कुटुंबातील कमावती व्यक्ती गेल्यास एकरकमी मदत आणि मातृत्वसाहाय्य असे तीन भाग होते. पासष्ट वर्षांवरील निराधार व्यक्तीस केंद्राकडून महिना ७५ रुपये मिळणार होते. रक्कम अल्प खरी, पण तिने देशभर एक किमान पातळी आखली. ज्या राज्यांत पेन्शन तोवर नाममात्रच होती, तेथेही ती सुरू करावी लागली.

परंतु या योजनेच्या पोटात एक सूत्र होते, आणि अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला ते आजही अस्वस्थ करते. राज्याची लोकसंख्या, तीत पासष्टच्या वरचे किती, दारिद्र्याचे प्रमाण किती, असा गुणाकार करून जो आकडा येईल त्याच्या साधारण निम्म्या संख्येपर्यंतच केंद्र पैसे देणार. म्हणजे योजना जाहीर होतानाच, जे तिच्या वर्णनात बसतात अशांपैकी निम्मे बाहेर राहणार हे ठरलेले होते. अंदाजपत्रकाच्या दृष्टीने हे सोयीचे. खर्चाला छत लागते. गावात मात्र या छताचे रूपांतर प्रतीक्षायादीत होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उत्तरेकडील एका जिल्ह्यात तपासणीसाठी गेलो असता मी अशी वही पाहिली आहे. तिच्यात डाव्या बाजूला पेन्शन घेणाऱ्यांची नावे, उजव्या बाजूला वाट पाहणाऱ्यांची. डावीकडचे एक नाव लाल शाईने खोडले की उजवीकडचे एक तिकडे सरके. लिपिकाने सहज सांगितले, “साहेब, कोणी गेले की दुसऱ्याचा नंबर लागतो.” त्याच्या बोलण्यात निष्ठुरता नव्हती, तो नियम सांगत होता.

१ एप्रिल २००० पासून अन्नपूर्णा योजना आली. पेन्शनीस पात्र असूनही जिला पेन्शन मिळत नाही अशा वृद्ध व्यक्तीस महिना दहा किलो धान्य मोफत. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण पात्र असूनही लाभ न मिळणे हीच ज्या योजनेची पात्रता, अशी दुसरी योजना माझ्या पाहण्यात नाही.

आता या चित्राशेजारी आमचे, म्हणजे सरकारी नोकरांचे, चित्र ठेवा. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डी. एस. नाकरा प्रकरणात निकाल दिला. पेन्शन ही कृपा वा बक्षीस नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, आणि ठरावीक तारखेच्या आधी निवृत्त झाला एवढ्यावरून कोणाला सुधारित लाभातून वगळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आजही तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. १८७१ च्या विचारावर हा मोठा आघात होता. २००४ नंतर केंद्रीय सेवेत आलेल्यांसाठी व्यवस्था बदलली हे खरे. मी त्याआधी रुजू झालो असल्याने जुन्या पेन्शनीचा धनी आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहिताना थोडा संकोच वाटतो.

निराधारांच्या बाबतीत न्यायालय आले ते २८ नोव्हेंबर २००१ रोजी. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने आठ योजनांचे लाभ हे कायदेशीर हक्क मानले; त्यांत वृद्धापकाळ पेन्शनही होती. दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत पैसे पोचवावेत, इतक्या तपशिलात तो आदेश गेला. प्रशासनावर याचा परिणाम झाला, कारण तारीख पाळली गेली की नाही हे विचारता येते. २००६ मध्ये केंद्राचा वाटा २०० रुपये झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले आणि ‘निराधार’ ही कसोटी जाऊन ‘दारिद्र्यरेषेखालील’ ही कसोटी आली. मुलगा आहे की नाही हा प्रश्न निदान केंद्राच्या नियमातून मागे पडला. २०११ मध्ये वय साठवर आणले गेले व ऐंशीच्या पुढच्यांना ५०० रुपये झाले.

गंमत अशी की, ज्या वर्षी पेन्शनीच्या नियमातून मुलगा मागे पडला, त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने त्याला पुढे ओढले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीच्या कलमात आईवडिलांचा समावेश झाला होता, आणि विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात ठरवले होते. हिमाचल प्रदेशाने १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला. मग २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा आला. त्याची रचना मला प्रशासक म्हणून आवडते. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचे, वकिलांना मनाई, निकाल साधारण नव्वद दिवसांत. अर्ज वृद्ध जेथे राहतात तेथे करता येतो, मूल जेथे राहते तेथेही करता येतो. म्हणजे आई सांगलीत आणि मुलगा बडोद्यात असला तरी आईला बडोद्याचा प्रवास घडत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागण्याची सोयही कलम २३ मध्ये आहे. मर्यादा अशी की, निर्वाहाची कमाल रक्कम दहा हजार ठेवलेली आहे. ती काढण्यासाठी २०१९ मध्ये आणलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने २०२४ मध्ये व्यपगत झाले. प्रत्येक जिल्ह्यात दीडशे जणांचे वृद्धाश्रम राज्यांनी काढावेत हे कलम तर ‘काढावेत’ या इच्छेपुरतेच राहिले. माझ्या मते या कायद्याचा खरा उपयोग मध्यमवर्गाला झाला. ज्याच्या मुलाकडेच काही नाही त्याला न्यायाधिकरण काय मिळवून देणार?

असो. आकड्यांकडे वळू. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोक १०.३८ कोटी होते. केंद्रीय पेन्शनीचे लाभार्थी सुमारे २.२ कोटींवर स्थिरावले, कारण कमाल संख्या २००१ च्या जनगणनेवर बेतलेली राहिली. संपूर्ण कार्यक्रमासाठी २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात ९,६५२ कोटी रुपये होते. साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा २००६ मध्ये २०० रुपये होता आणि २०२४ मध्येही २०० रुपयेच होता. मधल्या काळात किमती ढोबळमानाने तिपटीने वाढल्या. आमचा महागाई भत्ता जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, निर्देशांकाकडे पाहून ठरतो. या दोनशे रुपयांना निर्देशांक ठाऊक नाही.

पोकळी भरून काढतात ती राज्ये, आणि त्यामुळे वृद्धाचे म्हातारपण तो कोणत्या राज्यात राहतो यावर ठरते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये रक्कम हजारावरून दीड हजारावर नेली. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ती चार हजार केली आणि कर्मचारी घरी जाऊन पैसे देऊ लागले. बिहारमध्ये २०२५ पर्यंत ती चारशे होती, त्या वर्षी अकराशे झाली. राजस्थानने २०२३ मध्ये किमान हमी उत्पन्नाचा कायदा केला. त्यात सामाजिक सुरक्षा पेन्शनीत दर वर्षी पंधरा टक्के वाढ कायद्यानेच ठरवून दिली आहे. त्यांतील पाच टक्के जुलैत आणि दहा टक्के जानेवारीत.