गळाच्या दोरीचा इतिहास

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. पुस्तकात बादशहा आहेत, आरमार आहे. दालदी मात्र नाहीत. 1880 साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरने या मुसलमान मच्छीमारांची नोंद घेतली होती. राजिवडा, मिरकरवाडा या त्यांच्या जुन्या वस्त्या.

जाळ्याखेरीज किनाऱ्यावरचे एक जुने साधन म्हणजे गळाची लांब दोरी. तिला अंतराअंतरावर आखूड दोऱ्या, प्रत्येकीला गळ, गळाला बांगडा, तारली किंवा माकुलाचा तुकडा. वजनाने दोरी तळाशी बसते. तिथले घोळ, शिंगाळा, वाम, पाकट वासावर येतात. मोठ्या गळाला मोठाच मासा लागतो, पिल्ले बहुधा वाचतात. हा हिशेब बापाकडून मुलाकडे आला.

घोळ पोटातल्या हवेच्या पिशवीने आवाज काढतो. तीच पिशवी वाळवून हाँगकाँग-चीनला महागात जाते. त्या किमतीनेच त्याचा घात केला. स्वातंत्र्यानंतर यांत्रिक होड्या आल्या, मागोमाग ट्रॉलर. तळ खरवडणाऱ्या जाळ्याला लहान-मोठे कळत नाही. 1981 साली राज्याने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला, तरी खरवडणे थांबले नाही. ट्रॉलर परक्यांचेच नव्हते; आपल्याही लोकांनी कर्ज काढून घेतले, हे कबूल केले पाहिजे.

वर्गात हे सांगताना एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, अशी दोरी आमच्या नानांच्या माळ्यावर आहे.’’ मी म्हटले, नानांना विचारून सगळे लिहून आण. नाना आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.