एका प्याल्यासाठी लढलेलं शहर

आजचा विषय आहे प्रभुभोजन. कॅथलिक मंडळी याला कम्युनियन म्हणतात. विधी दिसायला अगदी साधा आहे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट, एवढंच. मग ख्रिस्ती श्रद्धेत त्याला इतकं महत्त्व का? याचं उत्तर धर्मशास्त्रातून देता येतं. मी आज ते इतिहासातून देणार आहे, आणि त्यासाठी आपल्याला बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, प्राग शहरात जायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवला. भाकर मोडून त्याने ती आपलं शरीर म्हणून दिली आणि प्याला आपलं रक्त म्हणून दिला. माझ्या आठवणीसाठी हे करत राहा, असंही सांगितलं. सुरुवातीच्या मंडळ्यांमध्ये हे खरोखरचं जेवण होतं. करिंथ इथल्या मंडळीला पौलाने जे पत्र लिहिलं, त्यात तो रागावलेला दिसतो. कशावरून? तर श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवतात आणि गरीब उपाशी राहतात यावरून. म्हणजे बघा, कोण कोणाबरोबर आणि काय खातो, हा प्रश्न पहिल्या शतकापासूनच या विधीला चिकटलेला आहे.

आता मध्ययुगात या. पश्चिम युरोपातला सामान्य माणूस मिस्साला जायचा, पण भाकर क्वचितच घ्यायचा. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेला नियम करावा लागला, की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, कम्युनियन घ्यावं. याच सुमारास आणखी एक बदल होत होता. प्याला हळूहळू फक्त पुरोहितापुरता उरला. गर्दीत द्राक्षारस सांडेल, पवित्र वस्तूचा अवमान होईल, ही भीती होती. आणि त्याला शास्त्राचा आधारही होता. भाकरीतही संपूर्ण ख्रिस्त आहे, त्यामुळे केवळ भाकर घेणाऱ्याचं काहीही कमी होत नाही, असं धर्मपंडित सांगत.

हा युक्तिवाद तसा पक्का होता. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसत होतं? प्याला पुरोहिताला, आपल्याला नाही. आपल्याकडे पंगतीत कोणाला कुठे बसवलं यावरून माणसाची पायरी कळायची. पानात वाढलेले पदार्थ तेच असले तरी! तसंच काहीसं हे होतं.

१४१४ साली प्रागमध्ये स्त्रीब्रो गावच्या याकोबेक नावाच्या धर्मोपदेशकाने सामान्य लोकांना प्याला द्यायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं सरळ होतं. येशूने तो प्याला सर्वांसाठी दिला, मग काढून घेणारे आपण कोण? लोकांचा समज असा असतो, की ही सुरुवात यान हुसने केली. तसं नाही. हुस तेव्हा कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला गेला होता, राजा सिगिसमुंडने दिलेल्या अभयपत्राच्या भरवशावर. तिथे त्याला कैद झाली. पण त्याने पत्रातून या प्रथेला आपली संमती कळवली.

१५ जून १४१५ रोजी परिषदेने सामान्यांना प्याला देण्यावर बंदी घातली. गंमत अशी, की त्याच हुकुमात परिषदेने मान्य केलं होतं, की सुरुवातीच्या चर्चमध्ये लोक दोन्ही घेत असत. पण आता रूढ झालेली पद्धत हाच कायदा, असं तिने ठरवलं. तीनच आठवड्यांनी, ६ जुलैला, हुसला जिवंत जाळलं.

बोहेमियात या दोन बातम्या एकत्रच पोचल्या, आणि लोकांच्या मनात त्या एकमेकींना जोडल्या गेल्या. प्याला हे हुसच्या अनुयायांचं निशाण झालं. ते झेंड्यांवर आलं. १४२० साली त्यांनी चार मागण्या मांडल्या, त्यांना 'प्रागची चार कलमं' म्हणतात. उपदेशाचं स्वातंत्र्य, सर्वांना प्याला, धर्मगुरूंनी ऐहिक सत्ता आणि संपत्ती सोडणं, आणि उघड पापांना सर्वांसाठी सारखी शिक्षा. त्यांच्या मंडळ्यांमध्ये तान्ह्या बाळांनाही कम्युनियन देऊ लागले. 'सर्वांना' याचा अर्थ त्यांनी इतका शब्दशः घेतला.

पोपने त्यांच्याविरुद्ध एकामागून एक पाच धर्मयुद्धं पुकारली. एका डोळ्याने आधीच आंधळा असलेला आणि पुढे दुसराही डोळा गमावलेला यान झिझ्का हा सेनापती, आणि हत्यारबंद बैलगाड्यांसारख्या गाड्यांचं रिंगण करून लढणारे शेतकरी, यांनी ती परतवली. पण हे केवळ धुतल्या तांदळासारखे लोक होते असं समजू नका. त्यांनीही मठ जाळले, माणसं मारली. आणि शेवटी काय झालं? १४३४ साली लिपानीच्या लढाईत कडव्या ताबोरी पंथाचा पराभव झाला, तेव्हा समोरच्या कॅथलिकांबरोबर प्रागचे मवाळ हुसपंथीही उभे होते. म्हणजे दोन्ही बाजूंना प्याला घेणारी माणसं होती. जो विधी एकत्र येण्यासाठी आहे, तो घेणारेच एकमेकांवर तलवार चालवत होते.

मग तडजोड झाली. १४३६ साली यिहलावा इथे चर्चने बोहेमियातल्या लोकांना प्याल्याची परवानगी दिली. १४६२ साली पोप दुसरे पायस यांनी ती रद्द केली. लोकांनी मात्र प्याला सोडला नाही. अशी जवळपास दोन शतकं गेली. १६२० साली प्रागजवळच्या 'पांढऱ्या डोंगरा'वर हॅब्सबर्ग सैन्य जिंकलं. पुढच्या वर्षी २१ जूनला शहरातल्या जुन्या चौकात बंडाच्या २७ पुढाऱ्यांना ठार मारलं. त्या चौकालगतच्या टीन चर्चच्या दर्शनी भागावर सोनेरी प्याला होता, तोही उतरवला. आज तिथे मरियेची मूर्ती दिसते.

कोणी म्हणेल, हे सगळं तिकडचं. आपला काय संबंध? तर १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिण भारतातल्या मंडळ्यांना पत्र पाठवलं, की जातिभेद चर्चमध्ये चालणार नाही. बसण्याच्या जागेत नाही आणि प्रभुभोजनाच्या वेळीही नाही. त्यावरून तंजावरकडचे अनेक वरच्या जातींचे ख्रिस्ती चर्च सोडून गेले. शिकवण ऐकायला त्यांची हरकत नव्हती. अडचण आली ती प्याला पुढच्या हातात देताना.

म्हणून या विधीचं महत्त्व मला असं दिसतं. प्रार्थना मनात करता येते, श्रद्धा मनात ठेवता येते. प्रभुभोजन मात्र शेजारच्या माणसाबरोबरच घ्यावं लागतं. देवापुढे आपण सगळे सारखे, हे वाक्य तिथे तोंडाने म्हणून भागत नाही. ते हाताने करून दाखवावं लागतं. प्रागच्या लोकांना हे कळलं होतं, आणि त्यांना रोखणाऱ्यांनाही कळलं होतं.

आणि शेवटची एक गोष्ट. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठराविक प्रसंगी सामान्य भाविकांना प्याला देण्याची मोकळीक दिली. कॉन्स्टन्सच्या बंदीनंतर ५४८ वर्षांनी. १९९९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. प्रागच्या जुन्या चौकात हुसचा मोठा पुतळा आहे. कधी तिकडे गेलात, तर त्याच्यासमोर थांबा, आणि मग मान वर करून टीन चर्चकडेही बघा.

आज इथेच थांबतो.