पाडव्याचा हिशेब : बिदर-कलबुर्गी सीमेवरची बुडालेली मजुरी

वेठबिगारी बंद करणाऱ्या १९७६ च्या केंद्रीय कायद्यात, दुसऱ्या कलमात, देशभरच्या वेठ पद्धतींच्या नावांची एक लांबलचक यादी आहे. ती वाचताना दोन नावांशी मी थांबलो. एक भगेला, दुसरं जीत. भगेला हा हैदराबाद संस्थानातला शब्द. जीत कानडी, आमच्या भालकी-औरादकडं कानडी घरात ‘जीतदाळु’ म्हणतात त्याला मराठी घरात सालगडी म्हणतात. प्रत्येक सालगडी कायद्याच्या भाषेत वेठबिगार होता असं नाही. पण अंगावर उचल घेतली आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडं जायची मुभा उरली नाही, की दोन्हींत फरक करणं अवघड व्हायचं.

साल पाडव्याला सुरू व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. ठरायचं तोंडी, चार माणसांसमोर. थोडी रक्कम, काही पोती जवारी, धोतरजोडी, चपला. आधी उचल, मग काम. वर्षभरात आजारपण, लगीन, मयत यासाठी मालकाकडून जे उचललं ते वहीत चढायचं. कामावर न आलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणायचे, तोही चढायचा. पाडव्याला हिशेब झाला की गड्याकडंच बाकी निघायची. मग पुढचं साल त्याच दारात. मधेच साल मोडलं तर केलेल्या महिन्यांचे पैसे सहसा विसरायचे.

ह्या वहीकडं इतिहासाच्या नजरेनं बघितलं तर एक गोष्ट लगेच कळते. तिच्यात गड्यानं घेतलेलं सगळं लिहिलेलं आहे, त्यानं केलेलं काम कुठंच नाही. खाडा लिहिला जातो, हजेरी नाही. वही मालकाची, अक्षर मालकाचं, अंगठा तेवढा गड्याचा. बुडालेली मजुरी मागायची तर पुरावा आणायचा कुठून?

पैशातही घोळ होता. संस्थानात हाली शिक्का आणि इंग्रजी हद्दीत कलदार. शंभर कलदाराला हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै पडायचे. आळंदकडचा माणूस सोलापूरच्या गिरणीत गेला तर पगार कलदारात, आणि गावात सावकाराचं देणं हालीत. म्हणून ‘रुपये किती’ याच्या आधी ‘कुठले’ हे विचारावं लागायचं. सोलापुरात १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता. वेळेवर पगार दिला नाही तर दाद मागता यायची. पण तो मुळात कारखाने आणि रेल्वेपुरता. शेतातल्या गड्याला तो ना अलीकडं ना पलीकडं.

आता १९७६ च्या कायद्याकडं परत. त्यानं वेठीचं कर्ज एका फटक्यात रद्द केलं, गहाण माल परत द्यायला लावला आणि पंधराव्या कलमात एक मोठंच काम केलं: हे वेठीचं कर्ज नाही, असं सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर टाकली. वहीची सत्ता पहिल्यांदा उलटी झाली म्हणा. मात्र कर्ज गेलं तरी आजवर केलेल्या कामाच्या पैशाचं काय? त्याचं उत्तर अठराव्या कलमात आहे. वेठ करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. आणि दंड वसूल झालाच, तर त्यातून गड्याला राबवून घेतलेल्या दर दिवसाला पाच रुपये.

मी हे गणित कागदावर मांडून बघितलं. दोन हजार भागिले पाच, म्हणजे चारशे दिवस. दहा पाडवे एकाच दारात काढलेल्या माणसाला जास्तीत जास्त तेरा महिन्यांचे पैसे, तेही दंड भरला गेला तर.

किमान वेतन कायदा १९४८ चा. त्यात शेतीही होती, कमी दिलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई मिळू शकायची. पण अर्ज सहा महिन्यांत करायचा. साल असतं बारा महिन्यांचं आणि पैसे बुडाले हे कळतं पाडव्याला!

यात सीमेनं भर घातली. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी उदगीर, निलंगा, अहमदपूर, भालकी, हुमनाबाद हे सगळे एका बिदर जिल्ह्याचे तालुके. भालकीचा माणूस उदगीरला राबला आणि पैसे अडकले, तर जिल्हा तोच होता. त्या दिवसापासून पहिले तीन मुंबई राज्यातल्या उस्मानाबादेत गेले (१९८२ पासून लातूर), बाकीचे म्हैसूर राज्यात. सोयरीक तुटली नाही, बाजार तुटला नाही, मजुरीही चालू राहिली. तक्रारीची कचेरी मात्र परराज्यात गेली आणि अर्जाची भाषा बदलली. एका खेपेला एक रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. चार खेपांत अडकलेली रक्कमच संपते. माझ्या मते पैसे सोडून देण्याचं खरं कारण हे आहे; अडाणीपणाचं कारण आपण उगाच पुढं करतो.

यावर उपाय म्हणून १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला. पाच किंवा जास्त माणसं नेणाऱ्या ठेकेदारानं प्रत्येकाला फोटोसहित पासबुक द्यायचं, त्यात मजुरीचा दर लिहायचा, आणि कामगाराची भाषा हिंदी-इंग्रजी नसेल तर त्याच्या भाषेतही लिहायचा. ठेकेदारानं पैसे बुडवले तर मुख्य मालकानं द्यायचे. म्हणजे पुण्या-मुंबईला बांधकामावर जाणाऱ्या आळंद-औरादच्या मराठी माणसाच्या घरात मराठी पासबुक सापडायला हवं, तांड्यावरच्या माणसाकडं त्याच्या बोलीतलं. मी विचारत फिरलो त्या घरांत एकही निघालं नाही. ऊसतोडीच्या मुकादमांकडं वह्या निघाल्या, त्या उचलीच्या.

सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये एशियाडच्या कामगारांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच ठरवली. पुढं २०१९ च्या वेतन संहितेनं दाव्याची मुदत तीन वर्षं केली, आणि पैसे दिले हे मालकानंच सिद्ध करायचं असं ५९ व्या कलमात लिहिलं. ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. कर्जाबाबत १९७६ मध्ये जे मान्य झालं, ते मजुरीबाबत मान्य व्हायला जवळपास पन्नास वर्षं गेली.

तरी आपण त्या मालकाकडं काम केलं, एवढं मजुराला दाखवावंच लागतं. म्हणून मंडळाच्या सभासदांना माझं मागणं आहे. घरात जुनी सालाची वही, खाड्याची चिठ्ठी, ठेकेदारानं दिलेला हजेरीचा कागद, किंवा कॅलेंडरवर बायकांनी मारलेल्या रोजाच्या रेघा असतील तर रद्दीत घालू नका. ह्या रेघा मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. त्या मजुराच्या हातच्या आहेत. फोटो काढून घेऊ, मूळ कागद ज्याचा त्याला परत देऊ.