पाळकीणबाई: लक्ष्मीबाई टिळक आणि 'मिसेस अमुक' म्हणून उरलेल्या बायका

  आजचा भाग मी बुधवार पेठेतून बोलतोय. आणि बुधवार पेठेत, खरं तर अख्ख्या पुण्यात, 'टिळक' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. आज ते टिळक नाहीत. आज दुसरे टिळक, रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि तेही फक्त जोडीला. गोष्ट आहे त्यांच्या बायकोची.

पण आधी एक शब्द. मराठी ख्रिस्ती समाजात पाद्रीला 'पाळक' म्हणतात आणि त्याच्या बायकोला 'पाळकीणबाई'. आता गंमत बघा. पूर्व आफ्रिकेत, स्वाहिली भाषेत पाद्री म्हणजे 'म्चुंगाजी'. मूळ अर्थ गुरं-मेंढरं राखणारा. आणि त्याची बायको? 'मामा म्चुंगाजी'. म्हणजे पाळकाची बायको ती सगळ्यांची आई. पद नाही, पगार नाही, पण काम मात्र चोवीस तास. दारात आलेल्याला जेवू घाल, आजाऱ्याकडे जा, मुलींना अक्षरं शिकव, नवऱ्याची बदली झाली की भांडी बांध. इकडे काय, तिकडे काय, नोकरी एकाची आणि राबणार दोघं.

या कामाचा हिशेब इतिहासात कसा लागतो, ते बघायला फार लांब जायला नको. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी पाडला. सावित्रीबाईंची चरित्रं वाचलीत तर त्यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या संदर्भात एक नाव येतं: मिसेस मिचेल. पुण्यातले स्कॉटिश मिशनरी जेम्स मिचेल यांच्या पत्नी. नाव 'येतं' म्हणालो खरा, पण ते तिचं नाव आहे का? ते नवऱ्याचं आडनाव आहे. एका मोठ्या गोष्टीच्या उंबऱ्यावर ही बाई उभी आहे, आणि आपण तिला 'मिसेस' म्हणून पुढे जातो.

आता नाशिकला जाऊ, कारण लक्ष्मीबाईही तिकडच्याच. नाशिकचा शरणपूर रोड तुम्हाला माहीत असेल. हे शरणपूर म्हणजे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ख्रिस्ती वस्ती. हिंदी महासागरात गुलामांची जहाजं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यातून सुटलेली काही आफ्रिकन मुलं-मुली इथे आणली गेली. इथेच ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, इथेच वाढली. पुढे त्यांतली बरीच मंडळी पूर्व आफ्रिकेला परतली. १८७० च्या दशकात मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं. आपल्या मुंबईच्या गव्हर्नर बार्टल फ्रिअरवरून त्याचं नाव ठेवलं. शरणपूरला वाढलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये तिथे पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

ही गोष्ट जेव्हा जेव्हा सांगितली जाते तेव्हा जोन्स येतो, सेमलर येतो, लिव्हिंगस्टनबरोबर गेलेली 'नासिक बॉइज' येतात. बॉइज! जोन्स-सेमलरच्या बायकाही त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेल्या होत्या. नवी वस्ती, नवी भाषा, दारात रोज कुणीतरी पळून आलेला गुलाम. त्या मामा म्चुंगाजींनी काय केलं, काय सोसलं, हे त्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

आणि म्हणूनच लक्ष्मीबाई. त्याच काळातली, त्याच नाशिकच्या परिसरातली एक पाळकीणबाई. फरक एकच. हिने स्वतः लिहून ठेवलं.

जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरात सोवळं-ओवळं इतकं कडक की मुलांना श्वास घ्यायची चोरी. अकराव्या वर्षी लग्न. शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. आणि नवरा कसा? कवी, विद्वान, दिलदार आणि पायाला भिंगरी. आज या गावात तर उद्या त्या गावात. पैसा हातात आला की वाटून मोकळा. घर चालवायचं कुणी? अर्थातच हिने.

मग आला १८९५ चा फेब्रुवारी. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता.

जरा थांबून विचार करा याचा अर्थ काय होतो. १८९५ सालची चित्पावन ब्राह्मण घरातली बाई. पदरात लहान मुलगा, दत्तू. नवरा जिवंत आहे, म्हणून ती विधवा नाही. पण नवरा 'बाटला', म्हणून त्याच्या घरी जायची सोय नाही. नातेवाईकांच्या घरी राहायचं, त्यांची बोलणी ऐकायची, आणि रडायचं तेही कुणाला दिसणार नाही असं. कायदाही कसा होता ऐका. १८६६ च्या एका कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार नांदायला येत नसेल तर, कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रं लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. अशी चार वर्षांहून जास्त गेली.

शेवटी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या, अहमदनगरला. पण, आणि माझ्यासाठी हा या गोष्टीचा कणा आहे, त्या बायको म्हणून गेल्या, ख्रिस्ती म्हणून नाही. वेगळी चूल, वेगळं पाणी. नवरा मिशनमध्ये शिकवतोय, घरी हिचं सोवळं चालू. आजूबाजूच्या ख्रिस्ती बायकांचं अन्न हिला चालत नाही. जात माणसाने केली की देवाने, या प्रश्नाशी त्यांची स्वतःची झटापट चालली होती. आणि एक दिवस त्यांच्यापुरतं उत्तर मिळालं: माणसाने. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चाललं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

म्हणजे नवऱ्याच्या पाच वर्षांनंतर. धर्म पटो न पटो, आपला तो मुद्दाच नाही. मुद्दा हा की 'नवरा झाला म्हणून बायकोही झाली' या एका ओळीत इतिहासाने अशा हजारो बायका गुंडाळल्या आहेत. लक्ष्मीबाईंनी लिहिलं नसतं तर त्यांचीही तीच ओळ झाली असती. मधली पाच वर्षं, ती वेगळी चूल, तो प्रश्न, सगळं गायब.

पुढे टिळक पाळक झाले आणि ह्या पाळकीणबाई. दुष्काळ आला, प्लेग आला. अनाथ मुलं घरात आली, पाहुणे आले, विद्यार्थी आले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक पोरही या घरात राहून गेला. तो म्हणजे आपले बालकवी! टिळक कुणालाही घरी घेऊन यायचे आणि ताट लक्ष्मीबाईंनी वाढायचं. भांडणंही कडाक्याची व्हायची. त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्याच.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांच्यामागे एक मोठं काम अर्धवट राहिलं होतं: 'ख्रिस्तायन', येशूच्या आयुष्यावरचं ओवीबद्ध महाकाव्य. टिळकांच्या हातून साधारण अकरा अध्याय झाले होते. उरलेले साठाहून जास्त अध्याय कुणी लिहिले? शाळेत न गेलेल्या ह्या बाईने. आपण मात्र अजून सर्रास 'टिळकांचं ख्रिस्तायन' म्हणतो. हिशेब तुम्हीच करा.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने हे पुस्तक छापून आलं, आणि २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या. पुस्तक वाचताना पहिला धक्का बसतो तो विनोदाचा. एवढं सोसलेली बाई आणि पानापानावर हसवते. नवऱ्याची चेष्टा करते, त्याहून जास्त स्वतःची. कुठेही तो संत नाही आणि ही सती नाही. भाषा अगदी स्वयंपाकघरात बसून शेजारणीशी बोलावी तशी. शाळेत न गेल्याचा असाही फायदा झाला असेल: पुस्तकी मराठी त्यांच्या वाटेत आलीच नाही.

मला वाटतं, पाळकीणबाईचं काम आणि तिचं लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आयुष्यभर दारात आलेल्या प्रत्येकाची गोष्ट ऐकून घ्यायची, हे तर तिचं कामच होतं. शेवटी तिने स्वतःचीही सांगितली, एवढंच.

मिसेस मिचेल आपल्यासाठी फक्त 'मिसेस' म्हणून उरल्या. शरणपूरहून मोम्बासाला गेलेल्या त्या दोघींचा आवाज आपल्याकडे नाही. लक्ष्मीबाईंचा आहे, आणि तो अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात विचारलंत तर मिळेल. पुढच्या भागाआधी पहिली पन्नास पानं तरी वाचा. आणि अजून एक करा. तुमच्या घरात, शाळेत, देवळात किंवा चर्चमध्ये एखादी अशी बाई असेल जिला सगळे 'सरांची बायको', 'भटजीकाकू', 'पाळकीणबाई' म्हणतात. तिला तिचं नाव विचारा आणि फोनचा रेकॉर्डर चालू करा. परवानगी घेऊन, बरं का!

भेटू पुढच्या भागात.