कुरुंदवाडचे ‘भूगंधर्व’: रहिमतखाँच्या तीन मिनिटांच्या तबकड्या कशा ऐकायच्या?

शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड म्हटलं की बहुतेकांना कृष्णा-पंचगंगेचा परिसर, जवळची नरसोबाची वाडी आणि पटवर्धनांचं संस्थान आठवतं. गाणं ऐकणाऱ्यांना मात्र आणखी एक नाव आठवतं, ते म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. 1872 साली त्यांचा जन्म इथलाच. पण याच गावाशी जोडलेला दुसरा एक मोठा गवई फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. रहिमतखाँ, म्हणजेच ‘भूगंधर्व’. 1922 साली कुरुंदवाडातच त्यांचं निधन झालं. शंभर वर्षांपूर्वीचा त्यांचा आवाज आजही ऐकता येतो, तो मरणाच्या थोडंच आधी भरलेल्या मोजक्या तबकड्यांमुळे.

सर्कशीबरोबर फिरलेला गवई

रहिमतखाँ ग्वाल्हेरचे. ख्यालगायकीत ज्यांचं नाव आजही कानाला हात लावून घेतात, त्या हद्दूखाँचे हे चिरंजीव. असा माणूस कृष्णाकाठी कसा आला? तर सर्कशीमुळे.

सांगली भागातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे तरुणपणी ग्वाल्हेरला गेले होते. तिथे ते घोड्यांची विद्या शिकले आणि हद्दूखाँकडे गाणंही शिकले. पुढे 1880 साली त्यांनी मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. भारतीय माणसाने उभी केलेली ही पहिली आधुनिक सर्कस मानली जाते. इकडे भाऊ महंमदखाँ गेल्यावर रहिमतखाँचं आयुष्य विस्कटलं होतं. अफूचं व्यसन जडलेलं, ठिकाणा नाही, अशा अवस्थेत ते काशीत विष्णुपंतांना सापडले. गुरूचा मुलगा म्हणून विष्णुपंतांनी त्यांना सोबत घेतलं. मग जिथे सर्कशीचा मुक्काम, तिथे खाँसाहेबांचं गाणं. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी त्यांना सांभाळलं, आणि अखेरचा काळ कुरुंदवाडात गेला.

छत्र्यांनी हा सांभाळ केला नसता, तर तबकडीपुढे बसायला रहिमतखाँ बहुधा उरलेच नसते.

तबकडी भरायची म्हणजे काय करायचे?

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं ते 1902 साली, कलकत्त्यात. फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. रहिमतखाँच्या तबकड्या 1920च्या सुमाराच्या. म्हणजे मधे बराच काळ गेला होता, पण तंत्र तेच होतं. मायक्रोफोन नाही, वीज नाही. गायकासमोर एक मोठा कर्णा. त्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या धक्क्याने सुई थरथरायची आणि मेणाच्या चकतीवर रेघ ओढायची. त्या चकतीवरून साचा आणि साच्यावरून लाखेच्या तबकड्या.

कर्ण्याला सगळे आवाज सारखे पकडता येत नसत. गायकाचा आवाज यायचा, तंबोरा जवळजवळ गायब व्हायचा आणि तबल्याचा डग्गा पार बुजून जायचा. गायकाने मान वळवली तरी आवाज दूर गेल्यासारखा वाटायचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला वेळ मिळायचा साधारण तीन मिनिटं.

ज्या गवयाला नुसता राग मांडायला तासभर लागतो, त्याने तीन मिनिटांत काय करायचं? विलंबित ख्याल बाजूलाच ठेवावा लागे. बंदिशीचा मुखडा लगेच, दोन-चार आलाप, लगोलग ताना, आणि सुई आत पोचायच्या आधी सम. म्हणून जुनी तबकडी ऐकून ‘त्या काळी असंच घाईघाईने गायचे’ असा समज करून घेऊ नये. ती घाई तबकडीची आहे.

जे राहिले, आणि जे राहिलेच नाहीत

ही तीन मिनिटं किती मोलाची आहेत, ते आसपासची गावं पाहिली की कळतं. शेजारच्या इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा (1849–1926) म्हणजे महाराष्ट्रात ग्वाल्हेर गायकी रुजवणारे आणि पलुसकरांचे गुरू. त्यांची एकही तबकडी नाही. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ 1946 पर्यंत हयात होते, पण त्यांचंही मुद्रण नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र 1977 साली व्हॉयेजर यानाच्या सुवर्ण-तबकडीवरून अवकाशात गेली. गुरूचा आवाज पृथ्वीवरही सापडत नाही.

युरोपातली गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे सतराव्या-अठराव्या शतकात, म्हणजे बरोक काळात, ‘सोलो कॅन्टाटा’ हा प्रकार बहरला. एकटा गायक आणि सोबतीला थोडी वाद्यं. बाखचा ‘इश हाबे गेनूग’ हा असाच कॅन्टाटा 2 फेब्रुवारी 1727 रोजी लाइपझिशमध्ये गायला गेला. त्या दिवशीचा आवाज कुणालाच ऐकता येणार नाही. पण सुरावट कागदावर आहे, म्हणून गेल्या शतकात अनेक गायकांनी तोच कॅन्टाटा आपापल्या पद्धतीने मुद्रित केला. ऐकणारा दहा मुद्रणं शेजारी ठेवून तुलना करू शकतो. ख्यालाचं तसं नाही. पलुसकरांनी स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली, त्यामुळे बंदिशी वाचल्या. पण ख्यालात बंदिश हा सांगाडा असतो. बाकीचं गवई त्या क्षणी रचतो. ते वाचवायला कागद पुरत नाही, तबकडीच लागते.

ऐकताना कान कुठे द्यायचा?

रहिमतखाँ यूट्यूबवर सापडतात. इंग्रजीत नावाची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांची असल्याने वेगवेगळ्या प्रकारे शोधावं. पहिल्यांदा ऐकताना फक्त खरखर ऐकू येईल. इअरफोन लावून तीच तबकडी लागोपाठ तीनदा ऐकली, तर कान खरखर बाजूला सारायला शिकतो. मग उंच पट्टीतला, बारीक, टोकदार आवाज पुढे येतो.

त्यांची भैरवी ऐकली की लगेच अब्दुल करीमखाँची भैरवी लावावी. करीमखाँ कृष्णेपलीकडे मिरजेत राहत. रहिमतखाँच्या आवाज लावण्याचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला, असं जाणकार मानतात. त्यांच्या गाजलेल्या तबकड्या 1930च्या दशकातल्या, ओडियन कंपनीच्या. तोवर मायक्रोफोन आलेला होता, त्यामुळे तिथे तंबोरा ऐकू येतो आणि हलका सूरही टिकतो. गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याच्या नादी लावलं, ते करीमखाँच्या तबकडीनेच. हा धागा ग्वाल्हेरहून कुरुंदवाड-मिरजेमार्गे गदगपर्यंत जातो, आणि तो शिकवणीइतकाच नुसत्या ऐकण्यातून गेलेला आहे.

एक सावधगिरी. तबकडी चुकीच्या वेगाने फिरवून डिजिटल केली असेल तर सगळंच बदलतं. वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. काळी चारचा गवई पांढरी सहात गातो आहे असं वाटतं. आवाज पातळ होतो, तानाही खोट्या वेगाने धावतात. त्या काळच्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांवरच भरलेल्या असायच्या असंही नाही. म्हणून एकाच तबकडीची दोन अपलोड वेगळी वाटली, तर ज्यात शब्दोच्चार माणसासारखे वाटतात ती जवळची धरावी.

घरात जुनी तबकडी सापडली तर

लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते, आणि आडवी रचून ठेवली की वजनाने तडकते किंवा वाकते. ती उभी ठेवावी आणि हाताळताना फक्त कडेला धरावी. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर लावून पाहण्याचा मोह टाळावा. त्याची जड लोखंडी सुई प्रत्येक वेळी थोडा आवाज खरवडून नेते. मुंबईत 1990 साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संग्राहकांच्या संस्थेने अशा तबकड्यांच्या नोंदी करण्याचं मोठं काम केलं आहे. तबकडीच्या मधल्या कागदावर कंपनीचं नाव आणि क्रमांक असतो. तबकडी कोणती आहे हे त्या क्रमांकावरून शोधता येतं, म्हणून लेबलचा स्पष्ट फोटो आधी काढून ठेवावा.