रुक्मिणीचा निरोप : मराठी कथेतील स्त्री-पात्राच्या सामर्थ्याविषयी काही विचार

उपवर मुलीने एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चे पारायण केले असता तिला मनाजोगा वर मिळतो, अशी श्रद्धा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. शके १४९३ मध्ये, म्हणजे इ. स. १५७१ मध्ये, काशी येथे पूर्ण झालेल्या ह्या १८ प्रसंगांच्या ग्रंथाला अशा रीतीने व्रताच्या पोथीचे स्थान मिळाले. ह्या प्रघातातील विसंगती मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जिने वडील भावाने ठरविलेला वर नाकारला, आईबापांना न कळविता परपुरुषास निरोप धाडला आणि स्वतःचे हरण स्वतःच घडवून आणले, तिचे चरित्र वाचून मुलीने मागावयाचे काय, तर वडीलमाणसांनी चांगले स्थळ पाहावे!

ह्या विसंगतीकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते वडवणी येथे एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नामुळे. तिचे म्हणणे असे, की मोबाइलवरील खेळांत हाती शस्त्र घेतलेल्या नायिका हल्ली पुष्कळ असतात, त्या उंच भिंती चढतात, शत्रूंना लोळवतात. तरीही त्यांपैकी अनेकजणी बाहुल्यांसारख्या वाटतात. उलट पोथीतली रुक्मिणी एकदाही हात उचलीत नाही, ती मात्र बलवान वाटते. असे का? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर केवळ 'आत्मबल', 'शील' अशा शब्दांनी देऊन चालणार नाही, कारण असे गुण लेखक कोणत्याही नायिकेस विशेषणांच्या रूपाने बहाल करू शकतो. हळबे ह्यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' (१८६८) ह्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांच्या काळापासून आपल्या गद्यात विशेषणांची उणीव कधीच नव्हती. सामर्थ्य विशेषणात शोधण्याऐवजी क्रियापदात शोधावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

मराठी क्रियापदाची एक लकब ह्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. 'मी आले', 'मी बसले', 'मी रडले' असे म्हणणारी व्यक्ती स्त्री आहे हे क्रियापदच सांगते. वर्तमानकाळात 'करते', 'जाते' ही रूपेही तेच सांगतात. (दक्षिण महाराष्ट्रात बायका 'मी जातो', 'मी येतो' असे सहज बोलतात, हा अपवाद मनोरंजक आहे, पण तूर्त बाजूस ठेवू.) परंतु सकर्मक क्रिया पूर्ण झाली, की क्रियापद कर्त्याकडे पाहात नाही, कर्माकडे पाहते. 'मी निरोप धाडला', 'मी वाट निवडली', 'मी घर सोडले' : ह्या वाक्यांत बोलणारा पुरुष की स्त्री, ह्याची विचारणाच क्रियापद करीत नाही. 'शिकणे', 'विसरणे' ह्यांसारखी काही क्रियापदे ह्या नियमास जुमानीत नाहीत, तथापि नियम सामान्यतः खरा आहे. भविष्यकाळाचेही तसेच. हिंदी भाषक स्त्रीला 'करूँगी' असे म्हणावे लागते. मराठी स्त्री 'करीन' म्हणते आणि पुरुषही 'करीन' म्हणतो. म्हणजे केलेले कृत्य आणि बोलून दाखविलेला संकल्प ह्या दोन ठिकाणी मराठी क्रियापद उत्तमपुरुषी कर्त्याचे लिंग दाखवीत नाही. भाषेने समाज घडविला, असा दावा ह्यावरून करावयाचा नाही. मराठी समाजाचा इतिहास तसा दावा करू देणारही नाही. पण कथेत स्त्री-पात्राच्या वाट्याला कोणती क्रियापदे आली आहेत, हे मोजण्यास व्याकरणाने आपल्या हाती एक चांगले माप दिले आहे. ती येते, बसते, लाजते, रडते, वाट पाहते. की ती काही करते, आणि त्यामुळे जगात काही बदलते?

ह्या मापाने रुक्मिणीची मूळ कथा पाहू. भागवताच्या दशम स्कंधात, ५२ ते ५४ ह्या अध्यायांत ती आली आहे. विदर्भराज भीष्मकाची ही कन्या. बंधू रुक्मी तिला शिशुपालास देऊ इच्छितो आणि पिता त्यापुढे मान तुकवितो. रुक्मिणी एका ब्राह्मणाकरवी द्वारकेस निरोप पाठविते. मराठी परंपरा ह्या ब्राह्मणास सुदेव म्हणते. निरोप अवघ्या सात श्लोकांचा आहे. त्यात प्रेमाची कबुली आहे, न आल्यास प्राणत्यागाची भाषा आहे; टीकाकारांनी आणि कीर्तनकारांनी रंगविला तो हाच भाग. परंतु निरोपाचा कणा वेगळाच आहे. उद्या लग्न आहे, तू आधी गुप्तपणे ये, मागून सेना आण, चेदी आणि मगध ह्यांचे बळ मोड आणि राक्षसविधीने माझ्याशी विवाह कर, असे ती सांगते. येथे ती थांबत नाही. अंतःपुरात राहणाऱ्या मुलीला तिच्या आप्तांना न मारता कसे नेता येईल, अशी शंका कृष्णाला येईल, हे ती आधीच ओळखते आणि तिचे उत्तरही देते : लग्नाच्या आदल्या दिवशी वधूने नगराबाहेर देवीच्या दर्शनास जावयाचे, ही आमच्या कुळाची रीत आहे.

धर्मशास्त्रातील आठ विवाहप्रकारांत राक्षसविवाह म्हणजे आप्तांना मारून, रडणाऱ्या कन्येला बळाने नेणे. रुक्मिणीने ह्या प्रकाराचे नाव स्वतःच्या तोंडाने घेतले आणि त्याचा गाभाच उलटा केला. कन्या रडत नाही, आप्त मरावयाचे नाहीत, आणि बळाचा प्रयोग तिच्या सूचनेबरहुकूम व्हावयाचा आहे. 'कृष्णाने रुक्मिणीस हरण करून नेले' ह्या वाक्यात व्याकरणदृष्ट्या रुक्मिणी कर्म आहे. कथेत मात्र स्थळ तिने ठरविले, वेळ तिने ठरविली, पद्धत तिने ठरविली. आपल्या व्याकरणात अशा कर्त्यास नाव आहे : प्रयोजक कर्ता. क्रिया दुसरा करतो, करविता निराळा असतो. पुढे रुक्मी पाठलाग करून हरला, तेव्हाही त्याचा वध टळला तो तिच्या शब्दामुळे.

मराठीत ही कथा प्रथम गाणाऱ्यांत एक स्त्री असावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. महदंबेचे 'धवळे' तेराव्या शतकाच्या अखेरच्या भागातील. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा मान आहे. रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंना लग्नाची हुक्की आली आणि त्यांच्या आज्ञेवरून तिने वरगीते म्हटली, अशी महानुभावीय परंपरा आहे. लग्नात बायकांनी म्हणावयाच्या गीतांचा साचा घेऊन तिने त्यात हे हरण बसविले. 'लीळाचरित्रा'त हीच महदाइसा पदोपदी प्रश्न विचारताना दिसते. चक्रधरांची कितीतरी निरूपणे तिच्या पृच्छेमुळे उभी राहिली आहेत. प्रश्न विचारणे ही क्रियादेखील प्रयोजकच होय, कारण ती दुसऱ्यास बोलावयास लावते. विचारणाऱ्या स्त्रीने निरोप धाडणारी स्त्री गावी, ह्यात नवल नाही.

एकनाथांनी ह्या कथेवर जीव आणि शिव ह्यांच्या ऐक्याचे रूपक चढविले. त्यांच्या भीमकीचे ठसठशीत मराठी रूप आजही वाचकास जवळचे वाटते. पण रूपकाचा एक परिणाम अटळ असतो. जी मुलगी होती ती जीव झाली, आणि जीवाने शिवाची ओढ धरावी ह्यात बंडखोरी उरत नाही. पारायणाची प्रथा जी निर्धास्तपणे रूढ झाली, तिचे एक कारण हे रूपक असावे, असे आम्हांस वाटते. कौंडिण्यपुरापासून अमरावतीच्या अंबादेवीपर्यंत विदर्भात रुक्मिणीहरणाची स्थळे दाखविली जातात. भाविक तेथे ज्या देवीपुढे हात जोडतात तिच्या दर्शनाचे निमित्त रुक्मिणीने बेतात वापरले होते, ही गोष्ट कोणासही खटकत नाही. पुढे १९१६ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'स्वयंवर' रंगभूमीवर आले, भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी गाजले आणि बालगंधर्वांची रुक्मिणी घरोघरच्या स्त्रियांच्या नेसण्या-सजण्याचा आदर्श ठरली. एका पुरुषाने उभी केलेली स्त्री स्त्रियांनी अनुकरावी, हा प्रकार स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

त्याच खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'बायकांचे बंड' लिहिले होते. त्यातील प्रमीला जैमिनीच्या अश्वमेधकथेतून आलेली. ती स्त्रीराज्याची राणी आहे, तिच्या हाती सैन्य आहे, अर्जुनाचा घोडा तिने अडविला आहे. शस्त्राच्या मापाने मोजली तर ती रुक्मिणीपेक्षा शतपट समर्थ ठरावी. परंतु मूळ कथेत युद्धाचा प्रसंग येताच आकाशवाणी होते, अर्जुनाने तिच्याशी विवाह करावा असे ठरते आणि राज्य संपते. घोडा अडविणे हे तिचे एकच कृत्य. पुढचे सारे तिच्या बाबतीत घडते. रुक्मिणीचा विवाह तिच्या बेताचा शेवट आहे, प्रमीलेचा विवाह तिच्या बेताला लावलेला पूर्णविराम आहे. गिरिजाबाई केळकरांनी १९१३ मध्ये 'पुरुषांचे बंड' लिहून ह्या नाटकास उत्तर दिले, आणि नायिकेचे चित्रण हा वादाचा विषय आहे हे रंगभूमीवरच दाखविले. तत्पूर्वी ३१ वर्षे, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलने'त तत्कालीन कथा-नाटकांतील स्त्रियांच्या रंगविण्यावर कोरडे ओढले होतेच.

विद्यार्थिनीने उल्लेखिलेल्या खेळांचे कोडे येथे सुटू लागते. १९९६ साली 'टूम्ब रेडर' ह्या खेळातून लारा क्रॉफ्ट ही नायिका जगभर पोचली, आणि तिच्या सामर्थ्याविषयी तेव्हापासून वाद चालू आहे. खेळात एक विलक्षण गोष्ट घडते : कळ दाबणारा खेळाडूच कर्ता होतो आणि पडद्यावरील स्त्री त्याचे करण होते. ती उडी मारते, कारण दुसऱ्याने मारविली. ज्या खेळात नायिकेला स्वतःचा हेतू असतो, तिच्या नकाराने वा निवडीने कथेचा मार्ग बदलतो, तेथे ती पात्र वाटते. अन्यथा ती केवळ चांगले हत्यार असते. प्रमीलेच्या हाती तलवार होती, पण कथा आकाशवाणीच्या हाती होती.

आता आमच्याच मापावर एक आक्षेप संभवतो, आणि तो पंढरपुराहून येतो. लोककथा सांगते, की राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात निघून आली. तिला शोधीत देव आला आणि पंढरीस राहिला. आजही तिचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळे, पाठीमागच्या बाजूस आहे. 'रुसली', 'निघाली', 'आली' : तिन्ही क्रियापदे अकर्मक, तिन्हींवर स्त्रीलिंगाची खूण. तरी साऱ्या वारकरी महाराष्ट्राचे दैवत ह्या रुसण्यामुळे आपल्या जागी उभे आहे. तेव्हा सकर्मक तेवढे समर्थ, हा नियम जसाच्या तसा टिकत नाही. क्रियेमागून कथा चालू लागली की नाही, हीच खरी कसोटी. व्याकरण तिची केवळ खूण पटविते. गंगाखेडच्या जनाबाईचे उदाहरणही ह्याच जातीचे आहे. दळणाच्या कामात तिने देवाला शेजारी बसविले आणि प्रसंगी त्याला 'विठाबाई' म्हणून हाक मारून देवाचे लिंगच बदलून टाकले. दासीच्या हाती दुसरे काय होते? संबोधन होते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' ह्या कादंबरीतील यमू काहीच बदलू शकत नाही. 'करमणूक' पत्रातून १८९० पासून क्रमशः आलेल्या ह्या कादंबरीत ती विधवा होते, तिचे केशवपन केले जाते, ती मरते. 'केले जाते' हा प्रयोगच तिच्या आयुष्याचा प्रयोग आहे. परंतु सबंध हकीकत तिच्या तोंडून आलेली आहे. एका पुरुष लेखकाला शेकडो पृष्ठे 'मी गेले', 'मी बसले', 'मी रडले' असे लिहीत बसावे लागले, आणि वाचणाऱ्या पुरुषालाही ते मनातल्या मनात म्हणावे लागले. १८५७ च्या 'यमुनापर्यटना'त बाबा पदमनजींची यमुना इतर विधवांची दुःखे पाहात फिरते. आपट्यांची यमू आपले दुःख स्वतः सांगते. पाहणारीपासून सांगणारीपर्यंत यावयास मराठी कादंबरीस तीन तपे लागली. त्यानंतर १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिका स्त्रीच होती. परंतु नायिकांना बोलू देण्यासाठी मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' ह्या नावाआड राहावे लागले.

सांगण्याचे हे सामर्थ्य छापील पुस्तकाच्या आधीपासून जात्यावर होते. वडवणीस लागून असलेल्या माजलगाव तालुक्यातील भीमनगरच्या स्त्रियांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. जात्यावरच्या ओवीतली सीता वनवास भोगते, पण तिची बाजू घेऊन रामाला जाब विचारणारी दळणारीण असते. पात्राला जे क्रियापद मिळाले नाही ते गाणारीने आपल्या पदरचे दिले.

जाती आता बहुतेक घरांतून गेली. ओव्या म्हणणारीच्या लेकीसुना दिवाळीच्या सुमारास ह्या भागातून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. उचल कोयत्यामागे दिली जाते आणि घेणारा बहुधा नवरा असतो. शब्द मूळचा हत्याराचा, पुल्लिंगी, एकवचनी. 'कोयता आला', 'कोयता गेला', 'कोयता पळाला' : ऊस तोडणारी, मोळी बांधणारी, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढणारी बाई ह्या वाक्यांत ना वचनात दिसते ना लिंगात. एकट्या मजुराला 'अर्धा कोयता' म्हणतात. त्या बाईची कथा लिहावयास बसलेल्या विद्यार्थिनीला पहिल्याच वाक्यात कर्ता बदलावा लागेल.